गावकीची खोली हा पण कोटाच होता: आमच्या मुंबई मंडळाला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि सगळी कार्यकारिणी,
आमच्या गावचं मुंबई मंडळ

तात्या, अण्णा आणि बाकी सगळ्या काका-दादांना नमस्कार.

मंडळाचं नाव मुद्दाम घालत नाही. ज्यांना कळायचं त्यांना दोन ओळींत कळेल, आणि तसं बघितलं तर राजापूर, लांजा, संगमेश्वर, खाली देवगड-कणकवलीपर्यंत गावागणिक असं एक मंडळ मुंबईत आहेच, त्यामुळे दुसऱ्या कोणाला हे आपल्यालाच लिहिलंय असं वाटलं तर वाटू दे, बिघडत नाही.

मी कोण ते तुम्हाला माहिती आहे. तालुक्याला एसटी स्टँडच्या मागे माझं महा-ई-सेवा केंद्र, झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, दाखले, आणि मे ते सप्टेंबर अ‍ॅडमिशनचे फॉर्म. तुमच्यातल्या निम्म्या लोकांचे सातबारे मीच काढून व्हॉट्सअ‍ॅपला टाकलेत आणि त्यातल्या निम्म्यांनी अजून पैसे पाठवले नाहीत, ते असो, आजचा विषय तो नाही.

विषय गणपतीतला. दरवर्षीसारखा पाचव्या दिवशी देवळाच्या सभामंडपात गुणवंतांचा सत्कार झाला. पाहुणे डोंबिवलीहून आलेले, आपल्याच गावचे, मोठ्या पोस्टवरून रिटायर, मी त्यांना लहानपणापासून बघतेय आणि माणूस वाईट नाही, माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात मुंबईला धावाधाव त्यांनीच केली होती. भाषण चांगलं चाललं होतं, आम्ही कंदिलाखाली कसे शिकलो, पावसात वहाळ ओलांडून शाळेत कसे जायचो वगैरे, आणि मग एकदम म्हणाले की हल्ली मेरिटला किंमतच राहिली नाही, नव्वदवाला घरी बसतो आणि साठवाला साहेब होतो. मंडपात टाळ्या. मागून कोणीतरी शिट्टी पण मारली. मी पण दोन टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू, सगळे वाजवायला लागले की हात आपोआप वर येतात.

माझ्या पुढेच सतरंजीवर बौद्धवाडीतली ती मुलगी बसली होती. तिला यंदा कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, नव्या मुंबईकडे इंजिनिअरिंग मिळालं, इलेक्ट्रिकल, त्या वाडीतली पहिली. तिला तुम्ही उत्तेजनार्थ ट्रॉफी दिलीत, कारण तुमच्या दहा हजारांच्या शिष्यवृत्तीला बारावीचे ८५ टक्के लागतात आणि तिला ७१. ट्रॉफीच्या बुडाला दुकानातली किमतीची चिकटी तशीच राहिली होती. पाहुणे मेरिटवर बोलत होते तेवढा वेळ ती मान खाली घालून नखाने ती चिकटी खरवडत होती, अर्धी निघाली, अर्धी तशीच राहिली. आणि बाजूला तिची आई टाळ्या वाजवत होती. सगळे वाजवतायत म्हणून.

त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून हे पत्र. पाहुण्यांना नाही, तुम्हाला, कारण पाहुणे पाच दिवसांनी गाडी पकडून गेले, तुमची अट मात्र पुढच्या गणपतीला पण तिथेच असणार.

आधी कोकणच्या मेरिटचं बघूया, कारण बॅनरवर तुम्ही मोठ्या अक्षरात "कोकण अव्वल" लिहिलं होतं. खरंच आहे ते, कोकण बोर्ड वेगळं झाल्यापासून दरवर्षी आपण पहिले, २०२५ ला बारावीला राज्याचा निकाल ९१.८८ आणि आपला ९६.७४, दहावीला राज्याचा ९४.१० आणि आपला ९८.८२. पेढे वाटून झाले की मग जूनमध्ये हीच पहिल्या नंबरची मुलं माझ्या टेबलावर येतात आणि तिथे कळतं की इंजिनिअरिंगच्या मेरिट लिस्टला बारावी फक्त दारात उभं राहण्यापुरती, ओपनला ४५ टक्के, राखीवला ४० टक्के असले की झालं, पुढचं सगळं सीईटीच्या पर्सेंटाईलवर. म्हणजे दोन वर्षं कॉलेजला नियमित जाऊन, प्रॅक्टिकल करून, जर्नलं पुरी करून ज्याने पंच्याऐंशी काढले त्याला त्याचा उपयोग शून्य, आणि ठाण्यात इंटिग्रेटेड कॉलेजच्या नावाखाली फक्त क्लासला जाऊन दोन वर्षं एमसीक्यू घोटणारा पुढे. तो हुशार नाही असं नाही, पण त्याने ज्या परीक्षेची तयारी केली ती आपल्या मुलाला डिसेंबरपर्यंत कोणी सांगितलेली पण नसते. आपल्या तालुक्यात सीईटीचा धड क्लास एक नाही. जे आहेत ते रत्नागिरीला, आणि वस्तीची गाडी सकाळी सहाला सुटते, ती चुकली की दिवस गेला.

आता गंमत बघा. सीट वाटताना होम युनिव्हर्सिटी बघतात, ७० टक्के सीट त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना, ३० बाहेरच्यांना. ऐकायला किती छान, आपल्या मुलांना आपल्या भागात सीट. पण आपलं विद्यापीठ कुठलं? मुंबई. सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंत सगळे सात जिल्हे एकाच पिशवीत. म्हणजे आंबोळगडच्या खलाशाचा मुलगा आणि दादरचा क्लासवाला मुलगा दोघे एकाच घरचे, आणि आपला मुलगा पुण्याला जायचं म्हणाला की तो तिथे परका, ३० वाला. तसंच मेडिकलला २०२० पर्यंत ७०:३० होतं, विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र, त्यात आपण मुंबई-पुण्याबरोबर उर्वरितमध्ये. नावच उर्वरित! आणि सरकारी मेडिकल कॉलेज म्हणाल तर सिंधुदुर्गाला २०२१ ला आलं, रत्नागिरीला २०२३ ला. तोवर आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या मुलाने सरकारी कॉलेजातून डॉक्टर व्हायचं ठरवलं की आधी बॅग भरायची.

ह्यावर मंडळाच्या स्टेजवरून एक अक्षर ऐकलं नाही मी तेरा वर्षांत. मेरिट गेलं म्हणून जे दुखतं ते फक्त एकाच ठिकाणी, आरक्षणाच्या नावाने दुखतं.

मला पण तिथेच दुखलं होतं. माझ्या मुलाचं वर्ष २०२०. आम्ही मराठा, २०१८ ला १६ टक्क्यांचा कायदा झाला, हायकोर्टाने २०१९ ला शिक्षणात तो १२ वर आणला, तरी म्हटलं चला काहीतरी आहे, मी स्वतःच त्याचा एसईबीसीचा, म्हणजे सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गाचा, दाखला काढला. ९ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाचा स्टे आला. ऑक्टोबरात मास्क लावून त्याने सीईटी दिली तेव्हा तो कुठल्या कॅटेगरीत आहे हे त्याला माहिती नव्हतं, मला माहिती नव्हतं आणि बहुतेक सरकारलापण नव्हतं. डिसेंबरात सांगितलं की ईडब्ल्यूएसमधून, म्हणजे आर्थिक दुर्बल गटातून घ्या, मग पुन्हा तहसीलला उत्पन्नाचा दाखला, पुन्हा फॉर्म एडिट. लोकांचे फॉर्म भरणारी बाई स्वतःच्या मुलाचा फॉर्म तीनदा भरत बसली होती. शेवटी त्याला पाहिजे ते कॉलेज काही पॉइंटांनी गेलं. पुढे ५ मे २०२१ ला तो कायदाच रद्द झाला, २०२४ च्या फेब्रुवारीत १० टक्क्यांचा नवा आला, तोपर्यंत आमचा मुलगा लास्ट इयरला पोचला होता.

ते कॉलेज गेलं त्या रात्री मी पण तेच म्हणाले जे पाहुणे म्हणाले. खूप वाईट शब्दांत म्हणाले. आणि मग, सवय वाईट असते, मी कटऑफची पीडीएफ उघडून बसले. ती तुम्ही कोणी कधी उघडलीय का? जीओपनएच, जीओबीसीएच, जीएससीएच, एल लागला की मुलींच्या सीट, ओ लागला की बाहेरच्या विद्यापीठाच्या, डोळे फिरतात. पण सवय असली की वाचता येतं. त्या कॉलेजात ओपनच्या सीटवर आलेली कितीतरी मुलं माझ्या मुलाच्या वरची होती आणि बहुतेक मुंबई-ठाण्याची, त्यात ओबीसीतली पण होती, मार्कांवर ओपनमधून आलेली. ओबीसीचा आणि ओपनचा कटऑफ तर एकमेकाला चिकटून. सगळ्यात खाली, सगळ्यात लांब होती ती एसटीची एक सीट, आणि ती भरलीच नव्हती. ज्याचा मी रात्रभर राग केला त्याने सीट घेतलीच नव्हती. तो आलाच नव्हता.

सीट घेतली होती ती वेगळ्याच माणसाने, आणि हे मी आज पहिल्यांदा लिहितेय. खासगी कॉलेजात २० टक्के सीट इन्स्टिट्यूट लेव्हलच्या असतात, आपण मॅनेजमेंट कोटा म्हणतो. आपल्याच गावच्या एका मुलाला, पर्सेंटाईल माझ्या मुलापेक्षा चाळीसने कमी, त्यातून कॉम्प्युटर मिळालं. पैसे होते, भरले, कायद्यात बसतं, मला त्याच्या बापाबद्दल राग नाही, त्याच्या फॉर्मच्या प्रिंट पण मीच काढल्या होत्या. पण पुढच्या गणपतीत तुम्ही त्याचा सत्कार केलात. शाल, श्रीफळ, "अभियांत्रिकीला प्रवेश" म्हणून नाव पुकारलं. तेव्हा कोणी साठवाला-नव्वदवाला काढलं नाही. आणि तो तर साठच्या पण खाली होता हो.

मेडिकलचं अजून पुढचं. २०२३ ला नीट पीजीचा, म्हणजे एमडी-एमएसच्या प्रवेशाचा, कटऑफ शून्य पर्सेंटाईल केला, सगळ्या कॅटेगरीला, सीट रिकाम्या राहतायत म्हणून. शून्य म्हणजे परीक्षेला बसलेला शेवटचा माणूस पण पात्र. तेव्हा आपल्या ग्रुपवर शांतता होती, गुड मॉर्निंगचे फोटो चालले होते.

मान्य आहे, आकडा बघितला की ओपनवाल्याच्या पोटात गोळा येतो. एससी १३, एसटी ७, व्हीजेएनटीचे (विमुक्त आणि भटक्या जमाती) चार गट मिळून ११, ओबीसी १९, एसबीसी (विशेष मागास) २, हे झाले ५२, त्यावर एसईबीसी १०, ईडब्ल्यूएस १०, एकूण ७२. १९९२ ला मंडलच्या निकालात सुप्रीम कोर्टाने ५० ची रेघ मारली होती, ती कुठे राहिली हा प्रश्न विचारणारा माणूस जातीयवादी असतो असं मी म्हणणार नाही, कोर्टात पण तोच प्रश्न चालू आहे. पण त्या ७२ मध्ये आता आपण पण दोन बाजूंनी बसलोय ना. मराठा १० मध्ये, बाकी सगळे उघडे राहिलेले ८ लाखांच्या आतले ईडब्ल्यूएसमध्ये. सत्काराच्या यादीतल्या अकरा मुलांचे फॉर्म मी भरले, त्यात कसलाच दाखला न जोडलेला एकच होता. एक! दहाजण कुठल्या ना कुठल्या रांगेतून आत गेले आणि टाळ्या सगळ्यांच्या आईबापांनी वाजवल्या.

फरक एवढाच की काही रांगांना लोक कोटा म्हणतात आणि काही रांगांना नाव नसतं. इथे मला गावकीच्या खोलीबद्दल बोलायचंय, अण्णा, तुम्हाला राग येईल, पण बोलते.

मुंबईत डिलाईल रोडची आपली खोली. मी लहानपणी एकदाच बघितलीय, बाबांबरोबर गेले होते, भिंतीला एकावर एक ट्रंका, दोऱ्यांवर कपडे, आणि दिवसाढवळ्या आठ-दहा माणसं चादर ओढून झोपलेली कारण त्यांची गिरणीत रात्रपाळी. गिरणीच्या पाळ्या तशा झोपायच्या पाळ्या. गावाहून बोटीने नाहीतर एसटीने उतरलेला आपला माणूस पत्ता विचारत यायचा, आडनाव सांगायचा, कोणाचा कोण ते सांगायचा, की दार उघडं. भाडं वाटून, खानावळ बांधलेली, नोकरीची ओळख खोलीतलाच कोणीतरी काढून देणार. पाहुणे मॅट्रिक होऊन गेले ते ह्याच खोलीत, दिवसा नोकरी आणि रात्रीचं कॉलेज, ते त्यांनी स्वतःच भाषणात सांगितलं, डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. कंदील खरा होता, वहाळ पण खरा होता, त्यांची मेहनत खोटी म्हणायची माझी बिशाद नाही. पण मुंबईत पाऊल टाकल्यावर त्यांना फुटपाथवर झोपावं लागलं नाही ते मार्कांमुळे नाही. आडनावामुळे. खोलीच्या दारात कोणी त्यांचं मार्कलिस्ट मागितलं नव्हतं.

आणि त्या खोलीत बौद्धवाडीतला कोण कधी राहिला? नाव सांगा एक. धनगरवाड्यावरचा? मी सासऱ्यांना विचारलं, ते म्हणाले "त्यांची त्यांची सोय वेगळी होती". होती की नव्हती ते कोणी जाऊन बघितलं नाही. एकाच गावचे, एकाच एसटीतून उतरलेले, आणि तिथून दोन रस्ते.

म्हणून म्हणते तो कोटाच होता. चांगला कोटा होता, त्याने घरं उभी केली, माझ्या बाबांचं पण. फक्त त्याला आपण "आपली माणसं" म्हणायचो.

पाहुण्यांनी भाषणात महर्षी कर्व्यांचं नाव घेतलं म्हणून सांगते. दापोली तालुक्यातल्या मुरुडचे कर्वे पोरवयात परीक्षा द्यायला चालत घाट चढून साताऱ्याला गेले, पावसात, दिवसच्या दिवस चालून, आणि तिथल्या साहेबाने वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. हुशारी कमी पडली नव्हती, परीक्षेचं सेंटर लांब होतं आणि खुर्चीवरच्या माणसाला चेहरा पटला नाही. दापोलीच्या शेजारच्या मंडणगडातलं आंबडवे बाबासाहेबांचं मूळ गाव. बाबासाहेब १९०७ ला मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ मार्कांनी. मी कॅल्क्युलेटरवर काढलं, ३७.६ टक्के. तेव्हा मार्क हात राखून द्यायचे, आजच्याशी तुलना होत नाही, माहिती आहे मला. पण ८५ ची अट घेऊन तुमच्या मंडळाकडे ते आले असते तर त्यांना उत्तेजनार्थ ट्रॉफी मिळाली असती, चिकटीसकट. बडोद्याच्या सयाजीरावांनी स्कॉलरशिप दिली, १९१३ ला ते कोलंबियाला गेले, पुढचं तुम्हाला माहिती आहे.

आता तुमच्या बाजूने पण बोलते, नाहीतर म्हणाल हिने एकच बाजू लावून धरली.

ज्याला मिळतं त्यालाच परत मिळतं ही तक्रार खोटी नाही. माझ्याकडे क्लास वन अधिकाऱ्याच्या मुलाचा फॉर्म पण येतो, मुंबईत शिकलेला, दाखल्यापुरता गावाला आलेला, गाडीतून उतरतो, एसी नाही का विचारतो. आणि ह्याच टेबलावर धनगरवाड्यावरची पोरगी येतच नाही, ती दहावीनंतर काजूच्या फॅक्टरीत. सुप्रीम कोर्टाच्या सात जजांनी १ ऑगस्ट २०२४ ला सांगितलं की एससी-एसटीच्या आत पण उपवर्ग करता येतील, जे अजून मागे आहेत त्यांना वेगळा वाटा देता येईल. मला ते पटतं. पण अधिकारी झाला म्हणून त्याच्या मुलाला कॉलेजात कोणी आडनावावरून टोमणा मारत नाही असंही नाही, त्यामुळे सरसकट काढून टाका हे मला म्हणता येत नाही. ह्यावर माझं मत अजून पुरतं ठरलेलं नाही, आणि ज्यांचं दोन मिनिटांत ठरतं त्यांच्याकडे मी जरा संशयाने बघते.

ओपनमधल्या गरिबाचं पण दुखणं खरं आहे. वरच्या वाडीतल्या गुरुजींचा मुलगा, पूजा सांगून घर चालतं, त्याला केंद्राचं ईडब्ल्यूएस पाहिजे होतं एनआयटीसाठी. तिथे नियम, कुटुंबाकडे पाच एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असली की बाद. आता आपल्याकडचा सातबारा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, बत्तीस नावं, त्यातली दहा वारलेली, आठ मुंबईत, आणि जमीन सड्यावरचा कातळ, जांभ्याशिवाय काही निघत नाही, पावसात चार महिने गवत. कागदावर सगळं मिळून नऊ एकर दिसतं. गुरुजींचा स्वतःचा हिस्सा काढून तसा दाखला मिळवेपर्यंत तारीख गेली. देशावरच्या बागायती पाच एकरांना आणि आपल्या कातळाच्या पाच एकरांना एकच माप. त्या मुलाची सीट बौद्धवाडीने खाल्ली नाही, कातळाने खाल्ली.

आणि अजून एक, कोणालाच माहिती नसतं म्हणून इथेच घालते. टीएफडब्ल्यूएस म्हणून सीट असतात, कुठल्याही जातीचा असो, उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे, ट्यूशन फी माफ, प्रत्येक कोर्सला ५ टक्के जादाच्या. फॉर्ममध्ये तेवढ्या एका ठिकाणी टिक करावी लागते. गेल्या वर्षी दोन ओपनची मुलं रत्नागिरीहून दुसरीकडून फॉर्म भरून आली, टिकच नव्हती. मुलींना तर २०२४ च्या जुलैपासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी असेल आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर कॅपमधून घेतलेल्या कोर्सची ट्यूशन फी पूर्ण माफ आहे. हे मंडपात माईकवरून सांगितलं असतं तर दोन टाळ्या कमी पडल्या असत्या, पण दोन घरं वाचली असती.

माझ्या टेबलावरून सीटा कशा जातात ते ऐका. बाप बोटीवर, ओटीपी त्याच्या मोबाईलला, समुद्रात रेंज नाही, साईट दहा मिनिटांत लॉगआउट. जातीचा पुरावा एससीला १९५० च्या आधीचा, ओबीसीला १९६७ च्या आधीचा, आजोबाची शाळा सोडल्याची नोंद ज्या शाळेत होती तिचं छप्पर उडालं आणि रजिस्टर भिजलं. व्हॅलिडिटीच्या, म्हणजे जात पडताळणीच्या, अर्जाच्या पावतीवर अ‍ॅडमिशन मिळते, मूळ सर्टिफिकेट वेळेत दिलं नाही की सीट जाते. परवा बौद्धवाडीतल्या त्या मुलीची आईच कॅरीबॅगमध्ये सगळे कागद घेऊन आली होती, पावसाने भिजू नयेत म्हणून तीन कॅरीबॅग एकात एक घातलेल्या, गाठी सोडायलाच पाच मिनिटं गेली. मला म्हणाली, "बाय, ह्यात काय कमी असला तर आताच सांग, मी परत गाडीभाडा नाय भरू शकत." काही कमी नव्हतं. सगळं क्रमाने लावलेलं होतं, तिला वाचता येत नाही तरी. रंगावरून लावलं होतं म्हणाली.

अमेरिकेत बंद केलं ना मग आपण कधी करणार, असा न्यूजर्सीच्या भाच्याचा मेसेज ग्रुपवर तीनदा फिरला, त्याला पण उत्तर देऊन टाकते. २९ जून २०२३ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या केसमध्ये अ‍ॅडमिशनला वंश बघायचा नाही असं सांगितलं, बरोबर. पण बाप त्याच कॉलेजात शिकला असेल तर पोराला जादा वजन द्यायची तिथली जुनी पद्धत त्या निकालाने बंद झाली नाही. म्हणजे तिथे पण गावकीची खोली चालूच राहिली.

आपल्याला अमेरिका कशाला, अणुस्कुरा घाट चढला की कोल्हापूर. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्यांना ठेवायचा हुकूम काढला ते भाषणांत सगळे सांगतात. त्याच्या आधी एक वर्ष, १९०१ ला त्यांनी काय काढलं? बोर्डिंग. मराठा मुलांचं बोर्डिंग, मग जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य, एकेक करत सगळ्यांची. राजाला कळलं होतं की नुसती जागा ठेवून मुलगा येत नाही, रात्री झोपायला आणि दोन वेळा जेवायला लागतं. तुम्ही अंघोळीच्या बालदीपासून सगळं खोलीत अनुभवलेली माणसं, हे तुम्हाला मी समजावणं म्हणजे जरा आगाऊपणाच.

तर मागणं. खोलीच्या चाळीचा टॉवर झाला, खोलीच्या बदल्यात मंडळाला वन रूम किचन मिळाला, तो तुम्ही भाड्याने दिलाय आणि त्या भाड्यातून सत्कार, ट्रॉफ्या आणि पाहुण्यांच्या गाडीचा खर्च निघतो, हे खजिनदारांनीच मे महिन्याच्या मिटिंगमध्ये सांगितलं. भाडेकरूचा करार डिसेंबरात संपतो, हे पण सांगितलं. तो पुढे वाढवू नका. तिथे चार कॉट टाका आणि गावातल्या ज्या मुलींना मुंबईत अ‍ॅडमिशन मिळेल त्यांना द्या, वाडी न बघता. मुलींना आधी म्हणते कारण मुलगे कसेतरी राहतात, आणि मुलीला राहायची सोय नाही म्हटलं की बाप सीट सोडतो, ह्या वर्षी दोघींनी सोडली, एक आपल्या भावकीतली आहे. ट्रॉफ्या बंद केल्यात तरी चालतील, माझ्या घरात तीन आहेत, एकीत आम्ही सुटे पैसे टाकतो.

आणि ८५ ची अट. ती काढा किंवा निदान माप बदला. घरातला पहिला ग्रॅज्युएट, गावातच बारावी केली, क्लास नाही, येऊन-जाऊन दोन-तीन तास एसटी, ह्याला पण काही मार्क ठेवा. कसे मोजायचे म्हणाल तर त्याचा फॉर्म मी बनवून देते, एक पानाचा, मला दुसरं येतं काय. उलट अट ठेवून दहा हजार कोणाला गेले ते यादीत बघा, पाचातले चार मुंबईत शिकलेले, गावाशी संबंध गणपतीपुरता. पाचवा खरंच गावातला आणि खरंच हुशार, त्याचं मला कौतुकच आहे, त्याचे काढू नका.

बौद्धवाडीतली ती मुलगी सध्या कल्याणला मावशीकडे राहते. एका खोलीत सहा माणसं, पहाटेची लोकल, मग ठाण्याला गाडी बदलून नव्या मुंबईला. फी सरकार भरतं, स्वाधार योजनेत तिकडे राहणाऱ्याला वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात, फॉर्म मी भरलाय, पण ते पैसे येतील तेव्हा येतील आणि घरमालक डिपॉझिट आज मागतो. परवा फोन आला होता, पहिल्या युनिट टेस्टला मॅथ्स अवघड गेलं म्हणाली, इंग्लिशमधून शिकवतात ते पटकन कळत नाही. सोडणार नाही म्हणाली. मी विचारलं नव्हतं तरी म्हणाली.

दिवाळीनंतर दादरला तुमची मिटिंग आहे. तारीख कळवा, मी तुतारी एक्सप्रेसने येते, दुकान एक दिवस जाऊ बघेल. येताना अर्जाचा नमुना घेऊन येते, पन्नास कॉप्या. झेरॉक्सचे पैसे नकोत, फक्त ते सातबाऱ्याचे राहिलेत तेवढे बघा.

तुमची,
गावचीच एक